बाजूला काढलेलं

त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत इस्लामपुरात बाजारपेठेच्या मागच्या आळीला, एका रिकाम्या गाळ्यात, बायकांच्या मंडळानं मदतीचं दुकान काढलं. इकडं कृष्णाकाठाला ऊस डोक्याएवढा उभा होता आणि तिकडं पूर्वेला, माण तालुक्यात, सलग तिसऱ्या वर्षी पाऊस चुकलेला. घरोघरची जुनी पण धड लुगडी, धोतरं, चादरी, भांडी गोळा करायची. काही बाजारच्या दिवशी स्वस्तात विकून धान्य घ्यायचं. आणि उरलेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधून दर पंधरा दिवसांनी म्हसवडकडच्या दुष्काळी कामांवर पाठवायचे, असं ठरलं होतं.

ही कल्पना मनुबाईंची. हंबीरराव बागायतदारांची ही बायको पन्नाशीची, बोलायला मोकळी, हाताची सढळ. दुकानात पहिली पितळी घागर आली ती त्यांच्याच घरातली. किल्ली त्यांनी शालूबाईकडं दिली. शालूबाईचा नवरा नाथाजी पलटणीत हवालदार, वर्षातनं एकदा सुट्टीवर यायचा. घरात थोरले दीर भाऊसो, जाऊ, आणि चौथीतली एक मुलगी. मळा होता, खायला-प्यायला कमी नव्हतं. "दुसऱ्याच्या तांब्याला हात न्हाई लावायची ही," असं मनुबाईंनी मंडळात सांगितलं आणि ते तेव्हा खरंही होतं.

सुरुवात एका स्वेटरनं झाली. कुणीतरी आणलेल्या बोचक्यात लहान मुलीचा निळा स्वेटर निघाला. शालूबाई घडी घालता घालता तो उलटासुलटा करून बघत राहिली.

"घेऊन जा की पोरीला," मनुबाई म्हणाल्या.

"नगं काकी. लोकांनी दुष्काळासाठी दिलंय."

"अगं, दिवसभर हितं बसतीस. पगार न्हाई, चहा सुदा घरचा पितीस. दोन रुपयं टाक डब्यात आन् घेऊन जा. इकत घेतलं म्हंजी झालं."

तिनं दोन रुपये टाकले आणि स्वेटर नेला. तसा नवा स्वेटर बाजारपेठेत वीस रुपयांना मिळाला असता.

मग ती रीतच पडली. बाजाराच्या आदल्या दुपारी मंडळाच्या बायका जमायच्या, आलेली बोचकी सोडायच्या, आणि चांगलं काही निघालं की कुणीतरी म्हणायचं, "हे जरा बाजूला काढ गं." गाळ्याच्या मागच्या भिंतीला एक पत्र्याची मोठी ट्रंक होती. बाजूला काढलेलं तिच्यात जायचं आणि तिथून सवडीनं ज्याच्या त्याच्या घरी. 'घेतलं' असा शब्द कुणी वापरत नव्हतं. उरलेलं बाजाराला मांडायचं. जे तिथंही खपायचं नाही त्याचे गठ्ठे बांधायचे. त्या गठ्ठ्यांतल्या झंपरांची हुकं आणि सदऱ्यांची बटणं कापून घ्यायची कल्पना मात्र शालूबाईची होती. फाटकी झंपरं असली तरी हुकं चांगली असायची, कामाला आली असती. एक गोळ्यांचा डबा निम्मा भरला होता.

फेब्रुवारीत एके दिवशी आष्ट्याहून बनुबाई नावाची एक म्हातारी एस.टी.नं आली. उन्हातनं चालत आल्यानं तिचा श्वास चढला होता. काखेत जुन्या पंच्यात बांधलेली एकच घडी. तिनं ती सोडली तर आत जांभळं इरकली लुगडं, लाल रेशमी काठाचं, दोन-तीनदाच नेसलेलं.

"माझ्या लेकीचं, सगुणाचं हाय," ती म्हणाली. "बाळंतपणात गेली, दोन वर्सं झाली. पेटीत ठिवून किती दिस बघायचं. हे इकू नगासा. तिकडं दुष्काळात एखाद्या पोरीचं लगीन ठरलं आसंल, तिला द्या. माझी एवढीच इच्छा हाय."

"देते मावशी," शालूबाई म्हणाली. "मी सोता गठ्ठ्यात घालीन."

बनुबाईनं पदराचं टोक उलगडून दाखवलं. तिथं हिरव्या दोऱ्यानं बारीक रफू केलेलं होतं. "हितं पणतीची ठिणगी उडली हुती. म्या भरलंय. दिसायचं न्हाई, पर सांगितलेलं बरं."

शालूबाईनं ते लुगडं खरंच गठ्ठ्यात घातलं. आणि गठ्ठे न्यायला ट्रक यायच्या आत बाहेर काढलं. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. शेजारच्या घरात वैशाखात लग्न होतं आणि तिच्याकडं नेसायला नव्या तऱ्हेचं काही नव्हतं. मनुबाईंनी तिला एकदा ते लुगडं हातात घेऊन बसलेलं पाहिलं.

"तिकडं खडी फोडताना कुठं नेसणार हे?" त्या म्हणाल्या. "आठ दिसांत चिंध्या हुतील. बाजूला काढ."

हे शालूबाईच्याही मनात आलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते जास्त खरं वाटलं. तिनं डब्यात पाच रुपये टाकले, नेहमीपेक्षा जास्त, आणि लुगडं घरी नेलं.

लग्नाचं वऱ्हाड आष्ट्याचं होतं. हे तिला माहीत होतं, पण आष्टा काय चार घरांचं गाव नव्हे. पंगतीत ती बुंदी वाढत होती. एका पानाशी वाकली तेव्हा कुणीतरी तिच्या पदराचं टोक हळूच धरलं. बघते तर बनुबाई. नवऱ्या मुलाची ती लांबची आत्या लागत होती. म्हातारीनं टोक अंगठ्यानं चाचपलं, हिरवा दोरा सापडला तशी थांबली, आणि पदर सोडून दिला. जेवणं उरकल्यावर मांडवाच्या मागं तिनं शालूबाईला गाठलं.

आता ही चार माणसांत बोलणार, असं वाटून शालूबाईनं आजूबाजूला पाहिलं.

बनुबाईचा आवाज मऊ होता. "पोरी, तुझ्या घरात आडचण हाय व्हय गं? मला म्हाईत न्हवतं. म्या म्हटलं, दुकानात बसलीय म्हंजी बऱ्या घरची आसंल."

तिला बाहेर पडायला वाट मिळाली होती. शालूबाई म्हणाली, "व्हय मावशी. दोन म्हैनं झालं, ह्यांची मनीऑर्डर आली न्हाई. लगनाला नेसाय काय न्हवतं."

"मग बरं झालं तुला मिळालं ते," म्हातारी म्हणाली. तिनं शालूबाईच्या पाठीवरनं हात फिरवला आणि वऱ्हाडाच्या गाडीकडं गेली.

चौथ्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी थांबली. आष्ट्याचा कोंडीबा गाडीवान बाजाराला चालला होता. त्यानं जोंधळ्याचं एक पोतं, गुळाची ढेप आणि एक बोचकं ओसरीवर उतरवलं. भाऊसो ओसरीवर दाढी करत बसले होते.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"बनुआत्यानं दिलंय. हवालदारांच्या घरात खायाची वडाताण हाय म्हणली. संकोच करू नगा, सुगी झाली की आनि धाडती, असा निरोप हाय."

भाऊसोंच्या अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला. कोंडीबाला त्यांनी चहा पाजला, वाटेला लावलं, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"शालू, आष्ट्यात म्हणं आपुन उपाशी हाय. कुणी सांगितलं?"

बोचकं तिनं तोवर सोडलं होतं. आत बनुबाईची स्वतःची दोन लुगडी होती, धुऊन घड्या घातलेली, एकाला ठिगळ लावलेलं. म्हातारीकडं यापेक्षा फार काही असेल असं वाटत नव्हतं. शालूबाई चुलीपुढनं उठली नाही. तिनं सगळं सांगितलं, स्वेटरपासून मनीऑर्डरपर्यंत. मधे एकदा जाऊ आत आली आणि तशीच मागं फिरली.

भाऊसो दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. "नाथाजी बर्फात उभा हाय," ते म्हणाले. "त्येच्या पगारावर बोट ठिवलंस. हे पोतं परत घेऊन जायाचं. मी येणार न्हाई. तू बोललीस, तूच निस्तर."

दुसऱ्या दिवशी पोतं एस.टी.च्या टपावर चढवून, ढेप आणि बोचकं हातात घेऊन ती आष्ट्याला गेली. बनुबाईचं घर दोन खोल्यांचं होतं. म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. पोतं उतरताना बघून तिला वाटलं की मनीऑर्डर आली, म्हणून ती हसली. शालूबाईला ते हसणं सोसेना. ती उभ्याउभ्याच बोलली.

"मावशी, मनीऑर्डर दर म्हैन्याला येती. घरात काय कमी न्हाई. तुमचं लुगडं म्या दडवून ठिवलं आन् नेसली. आमी समद्याच तसं करतो तितं."

बनुबाईचे हात थांबले. शेंगांची टरफलं तिनं मांडीवरनं झाडली, परत झाडली.

"तुला पायजे हुतं तर मागायचंस," ती शेवटी म्हणाली.

"मागितलं आसतं तर दिलं आसतंसा?"

म्हातारीनं खरंच विचार केला. "न्हाई. पर मागायचंस."

शालूबाईनं लुगड्याची घडी तिच्यापुढं ठेवली. बनुबाईनं हात लावला नाही.

"मला नगं ते. म्या ते दिलं. कुणाला द्यायचं ते बी सांगितलं हुतं. तू सोता जा, दिऊन ये, आन् कुणाला दिलंस ते मला यिऊन सांग. नाव सांग तिचं."

विट्यावरनं मायणी आणि तिथनं म्हसवड. शालूबाई तिकडं कधी गेली नव्हती. सिद्धनाथाच्या देवळाची कमान मागं टाकून तलावाच्या कामावर पोचेपर्यंत दुपार झाली. जमीन भाजून पांढरी पडली होती. शे-दीडशे माणसं माती वाहत होती. मुकादमानं लग्न ठरलेल्या मुलीची आई म्हणून जिच्याकडं बोट दाखवलं, तिचं नाव हरणाबाई. नवरा तात्याबा उरलेली मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी नदीकडं उतरला होता. ती आणि लेक तानू कामावर.

हरणाबाई पाटी खाली ठेवून आली. उंच, काळीसावळी, अंगावर दुकानाच्याच गठ्ठ्यातलं पिवळं झंपर. शालूबाईनं ते ओळखलं. छातीशी हुकांच्या जागी बाभळीचे चार काटे टोचून ते बंद केलेलं होतं. मागं उभ्या असलेल्या बायकांकडं तिनं पाहिलं. कुणाच्या झंपराला काटे होते, कुणी चिंधीनं बांधलं होतं.

"इस्लामपूरच्या दुकानातनं आली मी," शालूबाई म्हणाली.

"तुमीच धाडता व्हय ही कापडं," हरणाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ओळख पटल्याचा सूर होता. "यक इचारू का, आक्का? समद्या झंपराची हुकं तेवढी कुठं जात्यात? तुटलेली न्हाईत, कातरीनं कापल्यात."

"म्या कापल्यात."

"का वं?"

"डब्यात ठिवल्यात."

"कशाला?"

शालूबाईनं पिशवीतनं लुगडं काढलं. हरणाबाईनं मातीचे हात लुगड्याला लागू नयेत म्हणून मागं घेतले आणि नुसतंच पाहिलं.

"लय भारी हाय. कुणाचं?"

ह्या वेळी शालूबाईनं वाट शोधली नाही. कुणाचं, ती पोरगी कशी गेली, लुगडं कुणासाठी दिलं होतं आणि मधे कुणी नेसलं, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता हरणाबाई मातीवर बसली. तानू लांब पाट्या भरत होती, तिकडं तिनं एकदा पाहिलं.

"लगनात न्हाई नेसवायची मी हे," ती म्हणाली. "मन धजायचं न्हाई. पर घेती. माझी तानू पयल्या येळंला बाळंतीण हुऊन धडधाकट सुटली, म्हंजी बाराव्या दिशी तिला नेसवीन. त्या माउलीला आसंच सांगा."

मग ती शालूबाईला वस्तीच्या विहिरीवर घेऊन गेली. टँकर आला की पाणी विहिरीत सोडायचा आणि बायका वरनं पोहऱ्यांनी ते शेंदायच्या. विहीर खोल, गर्दी मोठी. दहा-बारा पोहरे, त्यातले निम्मे गळके. काठावर दोराची वेटोळी पडली होती. एका दोरात शालूबाईला झालरीची गुलाबी पट्टी दिसली. जवळ जाऊन बघितलं तर तो दोर लहान मुलींच्या नायलॉनच्या झग्यांचा वळलेला होता.

"हे झगं आले," हरणाबाई म्हणाली, "आमच्या पोरींना हुईनात. मग दोर वळलं. तीन म्हैनं टिकलं बगा, सुताच्या दोरापरीस बरं. तुमी कापडं नका धाडू, आक्का. दोर धाडा, बारड्या धाडा. पाणी वर येईस्तोवर निम्मं खाली जातंय."

बाजाराच्या आदल्या दुपारी मंडळाच्या बायका नेहमीसारख्या जमल्या. शालूबाईनं मागची ट्रंक ओढत पुढं आणली आणि झाकण उघडलं. सगळ्यात वर तिनं निळा स्वेटर ठेवला, घरातून आणलेल्या दोन चादरी, एक स्टीलचा डबा, आणि हुकांचा तो गोळ्यांचा डबा. मग तिनं झंपरांचं सांगितलं, काट्यांचं सांगितलं.

मनुबाई म्हणाल्या, "तू बी घेतलंस की."

"व्हय काकी. म्हणून पयलं माझं ठिवलंय."

"माझ्या घरातनं किती भांडी आली हितं, ते बघितलंस का? त्येच्यापुढं दोन लुगडी घेतली तर काय बिघडलं?"

"ती भांडी तुमी दिली, काकी. लुगडी दुसऱ्यांनी दिल्याली."

मनुबाईंनी हात पुढं केला. मारायला नव्हे, किल्लीसाठी. शालूबाईनं कमरेची किल्ली काढून दिली आणि बाहेर आली. रस्त्यात तिला एकदम रडू आलं. अपमानाचं की सुटल्याचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या आठ दिवसांत दोघी-तिघींनी वस्तू गुपचूप दुकानात परत आणून टाकल्या, असं कानावर आलं. बाकीच्यांनी नाही आणल्या. गठ्ठे जात राहिले, त्यांत आता झंपरं हुकांसकट होती. भाऊसोंनी त्या गोष्टीचा पुन्हा उल्लेख केला नाही. नाथाजीला कुणी कळवलं नाही, म्हणून तिनंच पत्रात लिहिलं. उत्तर यायला महिना लागला. त्यात सगळ्यांची खुशाली विचारलेली होती, तिच्या लिहिण्याबद्दल एकच ओळ होती: सुट्टीवर आल्यावर बोलू.

आष्ट्याला जाऊन तिनं बनुबाईला तानूचं नाव सांगितलं आणि बाराव्या दिवसाचं सांगितलं. म्हातारी डोळे मिटून ऐकत राहिली. मग दोराचं आणि बादल्यांचं ऐकल्यावर तिनं विचारलं, "मग कवा निगायचं?"

त्या दोघी कोंडीबाची गाडी घेऊन आधी आष्ट्यात आणि मग इस्लामपुरात घरोघर फिरल्या. कपडे घेतच नव्हत्या. दोर हातात घेऊन बनुबाई तो पायाखाली धरून ताणून बघायची. बादली दिली की म्हणायची, "हितंच पाण्यानं भरून दाव, बाई." लोकांना राग यायचा. फुकट देतोय आणि वर तपासणी. पण एकदा भरलेली बादली दारात ठिबकायला लागली की बोलणं बंद व्हायचं, आणि तीच बाई आत जाऊन दुसरी घेऊन यायची. काही घरांनी दार लावून घेतलं.

हंबीररावांच्या घरावरनं गाडी पुढं न्यावी असं शालूबाईच्या मनात होतं. बनुबाईला ते माहीत नव्हतं. तिनं गाडी थांबवली आणि हाक मारली. मनुबाई बाहेर आल्या. शालूबाईला पाहून त्या क्षणभर उंबऱ्यातच थबकल्या. त्या दिवसानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"बारड्या गोळा करतोय, माणाकडं धाडायच्यात," बनुबाई म्हणाली.

मनुबाई आत गेल्या. मोटेच्या कामाचा जाड दोर आणि दोन पत्र्याच्या बादल्या घेऊन आल्या. दोर गाडीत टाकला. बादल्या त्यांनी कुणी सांगायच्या आत नळाखाली धरल्या, काठोकाठ भरल्या, आणि एकेक करून हातानं वर उचलून धरल्या. तिघी खालून तळाकडं बघत राहिल्या.

थेंब पडला नाही. मनुबाईंनी पाणी तुळशीला ओतलं आणि बादल्या शालूबाईच्या हातात दिल्या.